हं म्हणणारा माणूस

हं म्हणायच्या सवयीमुळे माझा अमेरिकेतला पहिला उन्हाळा ज्वारीच्या शेतात गेला.

झालं असं, की पेनसिल्व्हेनियातल्या एका विद्यापीठात मी एम.एस. करत होतो. पहिलं वर्ष संपत आलं होतं आणि सुट्टीत घरी जायचं मी मनाशी पक्कं केलं होतं. तेवढ्यात माझ्या गाइडनी मला केबिनमध्ये बोलावलं. विद्यापीठाच्या संशोधन शेतावर जमिनीतला ओलावा मोजणारे सेन्सर बसवायचे आहेत, सुट्टीभर तिथे कुणीतरी राहायला हवं, काम कष्टाचं आहे पण शिकायला खूप मिळेल, असं ते बराच वेळ समजावून सांगत होते. प्रत्येक वाक्यानंतर मी "हं" म्हणत होतो. हं, म्हणजे ऐकतोय. हं, म्हणजे पुढे सांगा. संध्याकाळी त्यांचा ईमेल आला. मी इतक्या उत्साहाने तयार झालो याबद्दल त्यांनी माझे मनापासून आभार मानले होते.

मी आईला फोन करून सगळं सांगितलं.

"मग तू हं कशाला म्हणालास?"

"अगं, ऐकत होतो म्हणून."

"मग बरोबर केलंस की. मोठं माणूस बोलतंय आणि आपण दगडासारखं बसून राहायचं का?" ती म्हणाली. मग थोडं थांबून, "म्हणजे येत नाहीस तर," आणि तिने फोन वडिलांकडे दिला.

आमचं परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. वडील बाजार समितीत मापाडी, आई घरी शिवणकाम करते. आमच्या घरात कुणी काही सांगायला लागलं की दुसऱ्या कुणीतरी हं म्हणायचं, हे ठरलेलं. वडील आडतीवरून आले की पाय धुता धुता दिवसभराचं सांगत आणि आई मशीनवरून मान न उचलता हं म्हणत राही. तिचा एक हं चुकला की वडील थांबत. "ऐकतेस ना?" शाळेतही तेच. गुरुजी गोष्ट सांगायच्या आधी एका पोराकडे बोट करत, "आज तू हं म्हणायचं." ज्याची पाळी असे तो पोरगा गुरुजींइतकाच ताठ बसे. माझ्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. मी शिकलो तो अशा गुरुजींमुळे, त्यामुळे ऐकण्याची हीच रीत असते असं मी धरून चाललो होतो.

इथे रीत वेगळी. इथली माणसं ऐकताना आपल्या डोळ्यांत बघतात आणि पूर्ण गप्प राहतात. वाईट हेतूने नव्हे, उलट आदराने. पण सवय नसलेल्या माणसाला आपण बोलतोय की तोंडी परीक्षा देतोय तेच कळत नाही. नोकरीच्या मुलाखतीसाठी विद्यापीठाने घेतलेल्या एका शिबिरातही सांगितलं होतं की समोरचा बोलत असताना मध्ये आवाज करू नका. ईमेलच्या प्रकरणानंतर मी ते मनावर घेतलं आणि हं म्हणणं बंद करून टाकलं. इतकं, की फोनवर आई बोलता बोलता थांबायची. "हॅलो? हॅलो? कट झाला का रे?"

"नाही गं, ऐकतोय."

"मग आवाज दे की."

शेतावर मला दादा भेटला. तो आफ्रिकेतल्या माली देशाचा, ज्वारीवर पीएच.डी. करत होता. वय चाळिशीला टेकलेलं, उंच, सडपातळ. बोलताना हाताने मातीचं ढेकूळ फोडत राहायची सवय. शेतावर ने-आण करायचा पिकअप ट्रक तोच चालवायचा. आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत चाले. पहिल्याच दिवशी एका पट्ट्यातली ज्वारी का खुरटली हे तो मला गाडी चालवता चालवता सांगत होता. मध्येच थांबला आणि माझ्याकडे वळून बघितलं.

"झोपलास?"

"नाही, ऐकतोय."

"मग तसं कळू दे ना. मी काय स्टिअरिंगला सांगतोय?"

तो अगदी आईसारखा बोलला म्हणून मला हसू आलं. मग मी त्याला माझ्या हंची आणि ईमेलची सगळी हकीकत सांगितली. त्याने पिकअप रस्त्याच्या कडेला उभी केली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मग डोळे पुसत म्हणाला, "आमच्याकडे या कामाला माणूस असतो."

त्यांच्याकडे कुणी मोठं माणूस चार लोकांत बोलायला उभं राहिलं, की शेजारी एक जण बसतो आणि प्रत्येक वाक्यानंतर "नाऽमू" म्हणतो. नाऽमू म्हणजे हो, खरं आहे, ऐकू येतंय, पुढे चल. तो नसेल तर बोलणारा बोलतच नाही. "आपलं वाक्य कुठे पोचलं हे कळल्याशिवाय पुढचं वाक्य कसं काढायचं?" तो म्हणाला. "इथे मी वर्गात शिकवतो, परिषदेत बोलतो. प्रत्येक वेळी विहिरीत दगड टाकावा आणि पाण्याचा आवाजच येऊ नये असं वाटतं." आणि मग मला बजावलं, "माझ्या गाडीत बसायचं तर हं म्हणावं लागेल."

त्या दिवसापासून माझा हं परत आला. हळूहळू मी त्याला दादा म्हणायला लागलो. आमच्याकडे मोठ्या भावाला दादा म्हणतात हे सांगितल्यावर तो म्हणाला, चालेल, घरीही मी थोरलाच आहे. एरवी त्या उन्हाळ्याबद्दल मी कुढत बसलो असतो. आज मला त्या गैरसमजाचे आभारच मानावेसे वाटतात.

शरद ऋतूत आमच्या अपार्टमेंटमधली तिसरी खोली रिकामी झाली आणि दादा तिथे राहायला आला. दुसऱ्या खोलीत पुण्याचा एक जण होता, कॉम्प्युटर सायन्सचा. त्याला आधी हे पसंत नव्हतं.

"यार, हा माझ्या मामाच्या वयाचा आहे. कचरा बाहेर टाकायची टर्न तुझी आहे असं मी याला कसं सांगू?"

सांगायची वेळ आली नाही. दादा स्वतःच्या आणि आमच्याही पाळीचा कचरा टाकून यायचा. मग तोही त्याला दादा म्हणायला लागला.

दर रविवारी सकाळी दादा घरी फोन करायचा. त्यांची ख्यालीखुशाली विचारायची पद्धत मोठी छान. आई कशी आहे, घर कसं आहे, शेजारी कसे, मुलंबाळं कशी, शेत कसं, असं एकामागून एक झरझर चालायचं आणि पलीकडूनही तितक्याच झरझर उत्तरं यायची. बंबारा ही त्याची भाषा मला एका शब्दानेही येत नव्हती, पण तो वेग ऐकायला फार बरं वाटायचं. तो भाग संपला की मात्र दादाची गाडी अडायची. एखादा फ्रेंच शब्द, एखादा इंग्रजी शब्द, मग नुसतीच शांतता. पुढच्या मिनिटाला फोन खाली.

एका रविवारी फोन ठेवल्यावर त्याने हात फोनवरून उचललाच नाही. मी विचारलं, काय झालं?

"आई म्हणाली, तू छान बोलतोस."

"मग? चांगलंय की."

"तुझी आई तुला कधी म्हणते का, की तू छान मराठी बोलतोस?"

आपण असं कुणाला म्हणतो ते मला माहीत होतं. परका माणूस दोन वाक्यं बोलला की आपण कौतुकाने म्हणतो, वा, किती छान मराठी बोलता हो तुम्ही.

दादा वीस-बावीस वर्षांचा असताना शिकायला घराबाहेर पडला होता. आधी राजधानीत, मग फ्रान्समध्ये, मग इथे. "पॅरिसमध्ये मी मालीचा होतो," तो त्या दिवशी म्हणाला. "इथे आल्यावर एकदम आफ्रिकन झालो, अख्ख्या खंडाचा. कुणी कुणी विचारतं, आफ्रिकनमध्ये काहीतरी बोलून दाखव ना. गावाकडची चुलत भावंडं मला अमेरिकन म्हणून चिडवतात. आईच्या अंगणात मात्र मी थोरला. तेवढी एकच जागा उरलीय, आणि तिथेही मला पाहुणा केलं."

हे त्याला इतकं लागायचं कारण होतं. त्याच्या सगळ्यात धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. नवरी सासरी निघण्याआधी तिला अंगणात बसवून मोठी माणसं उपदेशाचे चार शब्द सांगतात, अशी त्यांच्याकडे पद्धत आहे. दादाचे वडील आता नव्हते. पण जायच्या आधी त्यांनी सांगून ठेवलं होतं की धाकटीला घराच्या वतीने थोरल्यानेच सांगायचं. व्हिसाच्या भानगडीमुळे त्याला जाता येत नव्हतं, गेला असता तर परत यायची खात्री नव्हती. तेव्हा बोलायचं ते फोनवरून. आणि त्याच्या काकांनी आधीच निरोप दिला होता, की तू लांब आहेस, तुला सवय राहिली नाही, मी तुझ्या जागी बोलतो, मनाला लावून घेऊ नकोस.

"चांगल्या मनानेच म्हणाले ते," दादा म्हणाला. "पण एकदा माझ्या जागी दुसरा कुणी बोलला, की पुढच्या बारशाला, पुढच्या मयतीला मला कुणी विचारणार नाही. मी पैसे पाठवणारा माणूस म्हणून उरेन."

"मग प्रॅक्टिस कर," मी म्हणालो. शिबिराचा परिणाम असावा.

"कुणासमोर? इथे कुणाला बंबारा येते?"

"मला येत नाही. पण हं म्हणता येतं."

तो उठला, कांदे काढले, सुरी काढली आणि म्हणाला, "बस."

असे आमचे रविवार सुरू झाले. तो कांदा चिरता चिरता बंबारात बोलायचा आणि मी स्टुलावर बसून हं म्हणायचो. सोपं वाटलं होतं, तसं नव्हतं. सुरुवातीला माझा हं वाक्याच्या मधोमध पडायचा. "अरे, मी अजून दारात आहे आणि तू मला निरोप देतोयस," तो ओरडायचा. मग मी उशीर करायला लागलो, तर म्हणायचा, "मेला का तो म्हणणारा?" त्याने मला शिकवलं की शब्द कळायची गरज नाही, आवाज खाली येतो आणि क्षणभर टेकतो, तिथे म्हणायचं. काही दिवसांनी मला ते दिसायला लागलं, अगदी पायरी दिसावी तसं. आणि तोही मोकळा होत गेला. फ्रेंच शब्द कमी झाले. कधी कधी एखादा जुना शब्द सापडायचा, तेव्हा तो कांदा हातात धरून थांबायचा आणि तो शब्द दोनदा-तीनदा म्हणून बघायचा. हा शब्द वडील वापरायचे, असं सांगायचा.

पुण्याचा मित्र एकदा झोपेतून उठून आला. "काय रे, होमहवन चाललंय का? तुम्ही दोघं एकदम गेलेली केस आहात यार." मग त्यालाही मोह झाला. त्याने दोन-तीन वाक्यांना हं म्हणून बघितलं. दादाने सुरी खाली ठेवली.

"याचा हं ऐकून वाटतंय की मी कस्टमर केअरला फोन लावलाय."

"युअर कॉल इज इम्पॉर्टंट टू अस," मित्र म्हणाला आणि चहा घेऊन निघून गेला.

लग्नाचा दिवस शनिवारचा होता. आमच्याकडे दुपार, तिकडे संध्याकाळ. बाहेर बर्फ साचलं होतं. दादाने त्याचा निळा, भरतकाम केलेला लांब अंगरखा घातला होता. तो मी पहिल्यांदाच बघत होतो. त्यात तो एकदम घरातला कर्ता माणूस दिसत होता. मला त्याने स्पष्ट सांगितलं होतं, की आज तुझं काम नाही, तिकडे नाऽमू म्हणणारे एक आजोबा बसणार आहेत. म्हणून मी आणि पुण्याचा मित्र स्वयंपाकघराच्या दारात गुपचूप उभे होतो.

फोन टेबलावर लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवला होता. पडद्यावर अंगण दिसत होतं, खूप बायका, रंगीत कपडे, आणि मध्ये पांढऱ्या वस्त्राखाली मान घालून बसलेली बहीण. तिकडचा फोन काकांच्या हातात होता. ख्यालीखुशाली झरझर झाली. मग तिकडे कुणीतरी सगळ्यांना गप्प केलं आणि दादाने बोलायला सुरुवात केली. पहिलं वाक्य झालं. आवाज खाली आला, टेकला.

तिकडून काहीच आलं नाही.

पडदाही थिजला होता. फोन वळवताना दिसलेला काकांचा अर्धा चेहरा आणि एक हात, तसाच. दादाने दुसरं वाक्य सुरू केलं, अर्ध्यावर सोडलं. त्याच्या तोंडून एक इंग्रजी शब्द निसटला. त्याने ओठ मिटले. आपलं बोलणं तिकडे पोचतंय की नाही, पोचत असेल तर सगळं अंगण आपलं हे अडखळणं ऐकतंय का, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. टेबलाच्या कडेवर त्याचा अंगठा पांढरा पडला होता. मला वाटलं, आता काका बोलणार. तो थिजलेला चेहरा आता हलेल आणि काका बोलायला लागतील, आणि ते सगळं संपेल.

"हं," मी म्हणालो.

मी ठरवून म्हणालो नाही. पायरी आली म्हणून पाय पडावा तसा तो पडला. दादाने माझ्याकडे बघितलं नाही. पण त्याने श्वास घेतला आणि अर्ध्यावर राहिलेलं वाक्य पुरं केलं. मी पुन्हा हं म्हणालो. मग मी पुढे जाऊन टेबलाशी जमिनीवर बसलो आणि तो थांबेल तिथे हं म्हणत राहिलो. तो किती वेळ बोलला मला सांगता येणार नाही. रविवारी ऐकलेलं बरंच त्यात होतं, चालीवरून ओळखू येत होतं. पण शेवटी शेवटी तो जे बोलला ते मी कधीच ऐकलं नव्हतं. त्याचा आवाज अगदी हळू झाला होता. नंतर त्याने मला त्याचा अर्थ सांगितला. तो बहिणीला म्हणाला होता, की त्या घरात तू कमी बोललीस तरी चालेल, पण कुणी बोललं तर त्याला एकटं बोलू देऊ नकोस.

त्याचं संपलं, आणि थोड्या वेळाने फोनमधून एकदम आवाजाचा लोंढा आला. बायका जिभेने तो उंच, थरथरता, आनंदाचा आवाज काढत होत्या. झालं होतं असं, की तिकडे कुणीतरी फोन लाउडस्पीकरला जोडताना त्यांच्या बाजूचा माइक बंद करून टाकला होता, आणि नेमकं तेव्हाच नेटमुळे चित्रही अडकलं होतं. त्यांना सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. आमचं सगळं. त्या गलक्यात एक पुरुषी आवाज ओरडून काहीतरी म्हणाला आणि दादा पोट धरून वाकला.

"काय म्हणाला? काय म्हणाला?" मित्र मला ढोसत होता, जसं काही मला कळलं होतं.

दादाने हसू आवरत सांगितलं. त्यांच्याकडे काही आडनावांची काही आडनावांशी पिढ्यान्‌पिढ्या थट्टेची सोयरीक असते. लग्न असो, मयत असो, ते एकमेकांना चवळी खाणारे म्हणून चिडवणारच, आणि त्याचा राग धरायचा नसतो. तसल्याच एका पाहुण्याने विचारलं होतं, "ए चवळीखाऊ, तुझ्या शेजारी कोण हंबरतंय? अमेरिकेत बैल पाळलास का?"

"बाहेरच्या माणसाला कुणी असं बोलत नाही," दादा म्हणाला. तो अजून हसत होता आणि अंगरख्याच्या बाहीने डोळे पुसत होता.

मग फोन त्याच्या आईकडे गेला. लहानसा, सुरकुतलेला चेहरा पडद्याच्या अगदी जवळ आला. तिने विचारलं, कोण आहे तुझ्याजवळ? दादाने मला दंडाला धरून पुढे ओढलं. मी नमस्कार केला. ती माझ्याशी बराच वेळ बोलली, थेट माझ्याकडे बघत, मला सगळं कळतंय अशा खात्रीने. ती थांबली तिथे मी हं म्हणालो. तिकडे हशा उसळला.

"आई काय म्हणाल्या?" मी नंतर विचारलं.

"म्हणाली, मला वाटायचं माझा मुलगा अशा घरात राहतो जिथे तो बोलतो आणि कुणी ओ देत नाही. म्हणून तो बोलायचं विसरला, असं मी धरून चालले होते. आज मी नीट झोपेन." मग तो म्हणाला, "आणि मला म्हणाली, इंग्रजी शब्द कशाला घुसडलास रे गाढवा? वडिलांनी हेच शिकवलं का?"

हे सांगताना त्याचा चेहरा इतका मोकळा झाला होता, की मला आधी कारणच कळेना. मग कळलं. तिने त्याची चूक काढली होती. पाहुण्याची कुणी चूक काढत नाही. काकांचा निरोप दुसऱ्या दिवशी आला, की पुढच्या महिन्यात चुलत भावाकडे बारसं आहे, तेव्हाही तूच बोल.

पुढच्या रविवारी मी सवयीने कांदे काढले आणि स्टुलावर जाऊन बसलो. दादाने फोन लावला होता. ख्यालीखुशाली झाली, पण या वेळी तो थांबला नाही. तो काहीतरी तक्रार करत होता, हातवारे करत, आणि फोनमधून त्याच्या आईचा नाऽमू येत होता, बरोबर जागेवर. मी तोंड उघडलं तेवढ्यात दादाने माझ्याकडे बघून हाताने खूण केली, जा, तुझं काम कर.

मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. आठवडाभराचे कपडे साठले होते. बास्केट काखेत मारली आणि तळघरातल्या वॉशिंग मशीनकडे निघालो. जिन्यावरून जाताना वरून त्याचं बोलणं ऐकू येत होतं. मशीन लावून परत आलो तरी ते चालूच होतं, आणि कांदे अजून कुणी चिरले नव्हते.